नंदू, तू तारा पकडला नव्हतास

नंदू,

तुझ्या शोकसभेत मी पुन्हा खोटं बोललो.

उभा राहिलो तेव्हा खरं सांगायचं ठरवूनच उभा राहिलो होतो. पण माइक हातात आला. माझ्या हातात माइक आला की काय होतं ते तुझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. तू म्हणायचास, दिग्याच्या हाती माइक म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, फरक एवढाच की माकड चटका बसला की सोडून देतं. समोर चाळीतली सातशे माणसं बसली होती. बरं, सत्तर. आणि मी घसा खाकरून म्हणालो, "ज्याने फुटणाऱ्या ताऱ्याचा कण आपल्या या डिलाईल रोडवर बसून पकडला, तो माझा मित्र जाताना मला म्हणाला, दिग्या, दुसरा तारा निघालाय, तू लक्ष ठेव." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पहिल्या रांगेत खुर्चीवर तुझी आई ताठ बसली होती, तिने मान हलवली.

तू तारा पकडला नव्हतास. जाताना असं काही बोललाही नव्हतास. शेवटचं जे बोललास ते पुढे लिहितो, धीर झाला की.

ज्यांनी आपल्याला पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी दिगंबर, चाळीचा हौशी सूत्रसंचालक आणि दारातल्या काळ्या फळ्याचा लेखक. अक्षर मोत्यासारखं, मजकूर मात्र स्वतःच्या पदरचा. तू नंदकुमार, समोरच्या खोलीतला. गिरणी कामगारांची खानावळ चालवणाऱ्या बाईचा एकुलता मुलगा, भौतिकशास्त्राचा डॉक्टर. लग्न केलं नाहीस, आईला सोडून गेला नाहीस. संस्थेचं नाव इथे घेत नाही. माझ्यामुळे तिथे जेवढं व्हायचं तेवढं होऊन गेलंय.

मी गोष्ट सांगायला लागलो की सगळे हसायचे, टाळ्या द्यायचे. तू शेवटपर्यंत शांतपणे ऐकायचास आणि विचारायचास, "भागिले किती?" तुझा हिशोब ठरलेला होता. माझ्या माशांना पाचाने भागायचं, मारामाऱ्यांना दहाने, आणि माझ्यावर भाळलेल्या मुलींच्या संख्येला कितीनेही भागलं तरी बाकी शून्य. मला राग यायचा नाही. उलट वाटायचं, हा एकटाच माझं नीट ऐकतो.

आपण सहावीत की सातवीत असताना शेजारच्या आकाशगंगेतला एक तारा फुटला. विज्ञानाच्या बाईंनी वर्गात वर्तमानपत्र वाचून दाखवलं, की त्यातले न्यूट्रिनो नावाचे कण जमिनीखालच्या टाक्यांत सापडले, सगळ्या जगात मिळून दोन डझन. तू हात वर केलास. "बाई, एवढा मोठा तारा आणि दोनच डझन?" वर्ग हसला. मी संध्याकाळी चाळीत सांगितलं की ताऱ्याचा एक तुकडा वरळीच्या समुद्रात पडला आणि कोळीवाड्यात एकाच्या जाळ्यात आला, जाळं जळलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत बातमी पोचली. तू एकच म्हणालास, "चल, बघायला जाऊ." आणि मला हाताला धरून चालवत वरळी कोळीवाड्यात नेलंस. तिथे मासे वाळत घालणाऱ्या एका बाईपुढे मला उभं केलंस. "विचार." मी विचारलं. बाई म्हणाली, "तारा नाय रं पोरा, मांदेली हाय. घ्यायची तर घे."

परत येताना मला वाटलं तू आता चाळीत माझी शोभा करणार. तू कुणाला बोलला नाहीस. मी स्वतः विचारावं, एवढंच तुला हवं होतं. शरम वाटली, पण दोन दिवसांत गेली. तेव्हाच मुरली असती तर पुढचं टळलं असतं.

तुझं काम मला तू गॅलरीतल्या पाण्याच्या पिंपावर समजावलं होतंस. तुझी आई, आमच्या काकी, सकाळी पिंपावर बोटाने टकटक करतात आणि आवाजावरून सांगतात पाणी कुठवर आहे. तू म्हणालास, अणूचं केंद्र म्हणजे असं बंद पिंप. झाकण उघडता येत नाही, बाहेरून वाजवायचं आणि ऐकायचं. आणि वाजवायला सगळ्यात हलकं बोट म्हणजे न्यूट्रिनो.

"ते वाजवतं का नीट?"

"तीच तर अडचण आहे. तो कशाला शिवतच नाही. आत्ता तुझ्या नखातून दर सेकंदाला अब्जावधी जातायत."

"भागिले किती?" मी विचारलं. मला वाटलं सापडलास.

"भागिले एक," तू म्हणालास. "हे खरं आहे."

घरोघर डोकावून कुठेही चहा न घेता निघून जाणारा पाहुणा असावा तसा तो कण. अगणितांतला एखादा केंद्राला धडकतो. पण मोठा तारा कोसळून फुटतो तेव्हा दहा-बारा सेकंदांत त्यांचा असा लोंढा निघतो की इतक्या लांबूनसुद्धा आपल्या टाक्यांतल्या शिशाच्या, आर्गॉनच्या केंद्रांवर टकटक होणार. त्यातून कळणार की केंद्र आतून कसं आहे, किती थरथरतं, फटका बसला की किती न्यूट्रॉन बाहेर टाकतं. शिशाच्या केंद्रावर म्हणे न्यूट्रॉनची पातळ साय असते. ती किती जाड याबद्दल जगातल्या शहाण्यांचं अजून एकमत नाही. तू त्याची गणितं आधीच मांडून ठेवत होतास. साय एवढी असेल तर आवाज असा येईल, तेवढी असेल तर तसा. वह्याच्या वह्या.

"आणि तारा फुटणार कधी?"

"उद्या. नाहीतर शंभर वर्षांनी."

"मग तू वीस वर्षं करतोयस काय?"

"तयारी. तो दहा सेकंद बोलणार आणि गप्प होणार, दिग्या. पुन्हा सांगणार नाही. तयारी नसेल तर आवाज ऐकू येईल, पण अर्थ लागणार नाही."

मी हसलो. जो माणूस बेस्टच्या बसची दहा मिनिटं वाट पाहून टॅक्सी करतो, तो हसणारच. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला, की एवढा हुशार माणूस आणि सांगायला गोष्टच नाही. तुझ्या कामात काही घडतच नव्हतं. मला ते सहन होईना. तुला नाही, मला.

मग तो सहा वर्षांपूर्वीचा दिवस. जगातल्या सगळ्या टाक्यांची मिळून एक घंटा असते. कण उजेडाच्या आधी ताऱ्याबाहेर पडतात, म्हणून टाक्यांनी घंटा दिली की दुर्बिणीवाले तयार राहतात. घंटा म्हणजे फोनवर येणारा निरोप. ती चालते का हे पाहायला अधूनमधून लुटुपुटूची वाजवतात, शाळेत आगीची तालीम असते तशी. तू आदल्याच दिवशी मला सांगितलं होतंस, "उद्या तालीम आहे, खोटे आकडे येणार, माझी गणितं धावतात का बघायचंय." सकाळी फोन वाजला आणि तू जिना उतरलास तो तीन-तीन पायऱ्या एकदम, एका पायात तुझी चप्पल आणि एका पायात माझी. बरं, दोन्ही तुझ्याच. पण धावलास खरा.

मला ठाऊक होतं ती तालीम आहे. हे मी इथे स्पष्ट लिहितो, कारण गेली सहा वर्षं मी सगळ्यांना 'माझा गैरसमज झाला' असं सांगतोय. गैरसमज झाला नव्हता. मी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, 'आकाशात ताऱ्याचा स्फोट. आपल्या चाळीचे सुपुत्र डॉ. नंदकुमार यांनी ताऱ्याचा कण पकडला. हार्दिक अभिनंदन. जाहीर सत्कार शनिवारी सायंकाळी सात वाजता.' आपल्या चाळीत फळ्यावर लिहिलं की ते झालं. पाणी येणार लिहिलं की लोक बादल्या लावतात, खात्री करायला कुणी नळ उघडून बघत नाही. कुणीतरी फोटो काढला. तो फोटो तू संस्थेतून परतायच्या आत संस्थेत पोचला होता.

संध्याकाळी तू आलास, फळ्यासमोर उभा राहिलास. ओरडला नाहीस. म्हणालास, "पूस."

मी पुसलं. पण शनिवारचा सत्कार तसाच ठेवला, कारण तो रद्द करायचा तर का ते सांगावं लागलं असतं. तू आलास तो स्टेजवरून खरं सांगायलाच आलास, हे मला तुझा चेहरा बघूनच कळलं होतं. अंगावर शाल, हातात नारळ, समोर काकी ठेवणीतलं लुगडं नेसून. तू माइकवर म्हणालास, "मी काहीही पकडलेलं नाही. कुठलाही तारा फुटलेला नाही. ती तालीम होती."

आणि मी तुझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणालो, "बघा मंडळी, याला म्हणतात विनय."

टाळ्या किती वेळ चालल्या ते लिहीत नाही. यातला आकडा मला कितीनेही भागता येत नाही. त्या टाळ्यांत तू माझ्याकडे पाहिलंस तसं त्याआधी कधी पाहिलं नव्हतंस.

त्यानंतर तू जेवढ्या वेळा खरं सांगितलंस तेवढा जास्त विनयी ठरलास. महिन्याभराने गॅलरीत मला म्हणालास, "चाळीचं जाऊ दे. आईला तेवढं तू सांग. मी सांगितलं तर ती ऐकत नाही, हसते. तिला वाटतं मी तारा पकडला. मी काय करतो ते तिला कळलं तर पाहिजे ना रे."

"सांगतो," मी म्हणालो. गणपतीनंतर सांगतो म्हणालो, दिवाळीनंतर सांगतो म्हणालो. काकी खोलीत येईल त्याला तुझी गोष्ट सांगायच्या, गावाला बहिणीला फोन करून सांगायच्या, आणि माझी गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना, नंदू, मला आतून गुदगुल्या व्हायच्या. यापेक्षा लाजिरवाणं वाक्य मी आजवर लिहिलेलं नाही. तू दर दोन-तीन महिन्यांनी विचारायचास, "सांगितलंस?" मग विचारणं कमी केलंस. आपण मासे, क्रिकेट, टॉवरचं बांधकाम, सगळ्यावर बोलत राहिलो. मी समजलो, विसरलास.

शेवटी हॉस्पिटलमध्ये तू आवाज न करता ओठ हलवत होतास. मी कान जवळ नेला. "आईला सांगितलंस?"

मी म्हणालो, "हो रे. मागच्या आठवड्यातच. सगळं समजलं काकींना."

"काय म्हणाली?"

आणि मी तिथे, तुझ्या उशाशी, रचायला लागलो. म्हटलं, काकी म्हणाल्या, तारा काय कुणीही पकडील, वाट बघायला माझ्या नंदूसारखा माणूस लागतो. वाक्य छान जमलं होतं. तू डोळे मिटून ऐकलंस. मग म्हणालास, "भागिले किती?"

मी म्हणालो, "भागिले एक."

यानंतर तू बोलला नाहीस. ते 'बरं' म्हणून होतं की ओळखलंस म्हणून, हे मला आता कधीच कळणार नाही. मला वाटतं, ओळखलंस.

शोकसभा संपली तेव्हा तुझी विद्यार्थिनी गौरी माझ्याकडे आली. बारीक चणीची मुलगी, हातात कापडी पिशवी. मला वाटलं भाषण आवडलं म्हणायला आली.

"काका, तुम्ही ते ताऱ्याचं पुन्हा का सांगितलंत?"

"अगं, लोकांना बरं वाटतं."

"सर त्या घंटेच्या गटात नव्हते. तुम्हाला माहीत नाही?"

"नव्हते म्हणजे?"

"त्या फोटोनंतर नवी यादी आली, तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. कुणी मोठ्याने काही बोललं नाही. खोटी बातमी ज्याच्या नावावर लागली, त्याला अशा ठिकाणी ठेवत नाहीत. खुलासा द्यावा लागला त्यांना. फळ्यावर कुणी लिहिलं त्याचं नाव द्या म्हणाले, तर सरांनी लिहिलं, नाव आठवत नाही."

दशांशाच्या पुढचे सहा आकडे तोंडपाठ असलेला माणूस.

"पण तो फोन," मी म्हणालो, "अंघोळीला जाताना पण न्यायचा. घंटा वाजेल म्हणायचा."

"वाजली नसती, काका. तारा फुटला असता तर त्यांना तुमच्यासारखंच टीव्हीवर कळलं असतं." तिने पिशवी माझ्या हातात दिली. तुझ्या वह्या. "गणितं पुढे मी करतेच आहे, त्यांच्या प्रती आहेत माझ्याकडे. या त्यांनी मराठीत लिहिल्यात. आईसाठी असणार. मला वाटलं तुम्ही वाचून दाखवाल. आता शंका येतेय."

मी सहा वर्षं समजत होतो की मी तुला थोडी शोभा आणली आणि थोडा त्रास दिला. मी तुझी घंटा काढून घेतली होती. आणि तू गॅलरीत माझ्याशी मांदेलीच्या भावाबद्दल बोलत राहिलास.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता मी काकींकडे गेलो. त्या खाली बसून ताटात कुळीथ निवडत होत्या. मी दारातच म्हणालो, "काकी, नंदूने तारा पकडला नव्हता. मी खोटं लिहिलं. मुद्दाम."

त्यांचा हात थांबला नाही. "विनय करतस?"

"मी कसला विनय करतोय, काकी. मला येतो का?"

तेव्हा थांबला. "मगे माइकवर तां कोण बोललो?"

"मीच."

बराच वेळ त्या खडे बाजूला सारत राहिल्या. "तो माका सांगत होतो," त्या म्हणाल्या. "आई, मी नाय गे पकडूक. कितीदा सांगितल्यान. आणि मी त्येका म्हणत होतंय, गप रव, मोठी माणसां अशीच बोलतत." मग माझ्याकडे बघितलं. "सा वर्सां मी माझ्या झिलाचा खरा ऐकूक नाय. तुझा ऐकलंय."

नंदू, मला तुझ्या वतीने त्यांनी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. मी घरी जाऊन वीस मारल्या म्हणून सांगितलं असतं.

"बस," त्या म्हणाल्या. "मगे तो करी काय? खरा तां सांग. शोभा नको."

मी वही उघडली. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याने लिहिलेलं, जसंच्या तसं, वाचलं. एक शब्द पदरचा घातला नाही. किती कठीण जातं म्हणून सांगू, प्रत्येक ओळीला जीभ वळवळत होती. तुझं अक्षर वाईट, पण वाक्यं सोपी होती. पिंप होतं, टकटक होती, दहा सेकंद होते. तारा आला नाही, तयारी झाली, हे वाचलं तेव्हा त्यांनी मला हाताने थांबवलं.

"म्हणजे पानां मांडून बसलेलो. जेवणारो इलो नाय."

"होय, काकी."

"मिलचो संप होतो तेव्हा मी पण रांधून बसलंय. कोण नाय इलो म्हणान रांधलेला काय खोटा होता?" आणि डोळे पुसून म्हणाल्या, "उद्या ये. फुडचा वाच."

तेव्हापासून रोज चारला जातो. आज नववा दिवस. हे मी चाळीच्या स्मरणिकेत छापायला देतोय, आणि फळ्यावरही लिहिलंय, 'डॉ. नंदकुमार यांनी तारा पकडला नव्हता. ते तयारी करत होते. खोटं मी लिहिलं होतं. दिगंबर.' लोक वाचतात आणि म्हणतात, दिग्या मित्राच्या दुःखाने खचला. मी सांगत राहतो. कुणी विश्वास ठेवत नाही म्हणजे काय ते आता थोडं थोडं कळतंय. तुझ्याइतकं नाही.

काल आम्ही शिशाच्या सायीपर्यंत आलो. केंद्रात न्यूट्रॉन जास्त, म्हणून काही किंचित बाहेरच्या बाजूला सरकलेले असतात, असं तू लिहिलंयस. काकींना लगेच कळलं. "आमच्या खोलीसारखा. गाळ्यात जागा थोडी, माणसां अठरा. उरले ते गॅलरीत निजत." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "पण न्यूट्रॉनच कित्याक बाहेर? सगळे दाटीवाटीन थोडे थोडे बाहेर सरले असते."

माझ्याकडे उत्तर तयार होतं, नंदू. प्रोटॉन म्हणजे लग्न झालेले, न्यूट्रॉन म्हणजे सडे, सड्यांना गॅलरी. इतकं सुरेख बसत होतं. ओठापर्यंत आलं होतं. मी वहीची पानं उलटून पाहिली, पुढच्या पानावर नव्हतं, त्याच्या पुढच्यावरही नव्हतं.

मी म्हणालो, "मला माहीत नाही, काकी."

त्या चष्मा काढून पुसायला लागल्या. "मगे नंदूक विचारून ये," त्या सहज म्हणाल्या, आणि मीही सवयीने उठून उभा राहिलो.